पुनावळ्याच्या घरातले फोटो

कासारवाडी
१८ नोव्हेंबर २०२४

समर्थ,

फोनवर आपण बोलतो त्याला बोलणं म्हणता येत नाही, म्हणून हे लिहितेय. "जेवलास?" "हो. तू?" "हो." मग तुझ्याकडे कुणीतरी तमिळमध्ये हाक मारतं, माझ्या खिडकीखालून लोणावळा लोकल जाते, आणि फोन ठेवायला कारण मिळालं म्हणून दोघांनाही बरं वाटतं. व्हॉट्सअ‍ॅपवर मी लिहिते आणि पुसते. ते तुला दिसत असणार.

औशाहून आईंचा फोन होता. "समर्थची बदली कधीपर्यंत गं?" मी म्हटलं, कंपनीचं काही सांगता येत नाही. माझी आई मात्र म्हणते, चाकणच्या प्लांटमधून होसूरला कुणी आपणहून पाठवत नसतं, त्यानं मागून घेतली असणार. मागून घेतलीस का? मी विचारलं नाही, तूही बोलला नाहीस. दिवाळीला आलास तेव्हा पाणी प्यायल्यावर पेला स्वतः विसळून पालथा घातलास. लग्नानंतर इतक्या वर्षांत तू असं कधी केलं नव्हतंस. तू सुधारलास की परका झालास, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

असो. कामाचं सांगते.

पिंपरीतला स्टुडिओ मी सोडला, हे तुला माहीतच आहे. आता लोकांच्या घरी जाऊन त्यांचे फोटो काढते. लग्नाच्या फोटोग्राफीत माणसं सजूनच येतात, आपण फक्त बटण दाबायचं. घरात तसं नसतं. कॅमेरा दिसला की माणसाला स्वतःच्या हातांचं ओझं होतं. तेच घर, तोच सोफा, पण कुठं बसावं सुचत नाही. त्यामुळे मी गेल्या गेल्या कॅमेरा काढतच नाही. चहा मागून घेते. लहान मूल असेल तर लपायची सगळ्यात भारी जागा कुठली ते विचारते. म्हातारं कुणी असेल तर गुडघ्यांची चौकशी. "हसा" हा शब्द मी कधी उच्चारत नाही. तासाभरात लोक मला विसरतात आणि एकमेकांवर ओरडायला लागतात, तेव्हा मी काम सुरू करते.

परवा मृदुला नावाच्या बाईंचा फोन आला. पुनावळ्याला राहतात. म्हणाल्या, "आम्ही दोघं आणि सासूबाई. घराचेही फोटो हवेत. बाथरूमचेसुद्धा."

मी विचारलं, "फ्लॅट विकायचाय का?"

"छे छे, विकायचा कशाला?"

"मग बाथरूमचा फोटो कशाला?"

 मग म्हणाल्या, "तुम्ही या तर खरं."

रविवारी जातेय.

वर्षाली


कासारवाडी
२६ नोव्हेंबर

समर्थ,

जाऊन आले. इतकं वाईट काम मी आयुष्यात केलेलं नाही.

डांगे चौकातून पुढे निघालं की पुनावळ्याचे ते उंच टॉवर सुरू होतात ना, त्यातलाच एक. घर इतकं आवरलेलं होतं की चप्पल कुठं काढावी कळेना. मृदुलाताई बँकेत आहेत. नवरा हरिहर, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. दोघं चाळिशीतले, कडक इस्त्रीच्या कपड्यांत दारात उभे. सासूबाई आतल्या खोलीत, दार लावलेलं.

"आईंना बरं नाहीये का?"

"बरं आहे," हरिहर म्हणाले. "ती येणार नाही बहुधा."

चहा मागितला तर तो आधीच करून ठेवलेला, ट्रेमध्ये. गप्पा काढल्या तर दोघं परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देत होते. मृदुलाताई मध्येच उठून हातातल्या बांगड्या काढून आल्या. "फार श्रीमंत वाटायला नको." थोड्या वेळानं परत घालून आल्या. "अगदीच ओकंबोकं वाटतं का हो?" हरिहर तर कॅमेरा दिसला की ओळखपत्रावरच्या फोटोसारखा चेहरा करतात. बाल्कनीत उभं केलं, स्वयंपाकघरात उभं केलं, एकमेकांना काहीतरी सांगा म्हटलं. हरिहरनी बायकोला सांगितलं, "टाकीचं पाणी आलंय."

शेवटी एक खोली दाखवली. एकच लहान पलंग, जिराफांची चादर, टेबलावर कोरे रंगखडू. घरात मूल नाही, मूल असल्याची एकही खूण नाही. मी विचारलं, "ही खोली कुणाची?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "नातेवाइकांना फोटो पाठवायचेत," हरिहर म्हणाले. ते माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

त्या खोलीत मी लेन्स बदलायला म्हणून खाली बसले आणि मला उठता येईना. का, ते तुला माहीत आहे. तेवढंच लिहिते.

फोटो पाठवून दिले. स्वच्छ, नीट, उजेड बरोबर. मेल्यासारखे. लोकांना मोकळं करणं हेच माझं काम, आणि त्या घरात मीच आखडून गेले होते. मी नक्की कुठं चुकले, कळत नाही.

पैशाचं विचारू नकोस, त्यांनी दिले. मलाच घ्यावेसे वाटत नव्हते.

वर्षाली


कासारवाडी
१० डिसेंबर

समर्थ,

हे कुणाला बोलू नकोस. तसा तू बोलतोस कुणाशी म्हणा.

मागच्या आठवड्यात मृदुलाताईंचा फोन आला, त्या रडत होत्या. मग सगळं सांगितलं. ते दोघं एक मुलगी दत्तक घेताहेत. तान्ही नव्हे, सहा वर्षांची. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका संस्थेत असते. तिला न्यायला एकदम जायचं नाही, आधी घराचे, माणसांचे फोटो तिला दाखवायचे, म्हणजे ती ओळखू लागते. ते फोटो मी काढलेले. आधी एका कुटुंबानं तिला नेलं होतं आणि थोड्या महिन्यांत परत आणून सोडलं. का, ते कुणी नीट सांगत नाही. म्हणून तिथल्या विजयश्रीताई, ज्या तिच्याबरोबर असतात, त्या फार जपून पावलं टाकताहेत.

विजयश्रीताईंनी मुलीला फोटो दाखवले. तिनं सगळे उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "ह्या घरात कोण राहतं?"

फोटोत दोघं होते, समर्थ. प्रत्येक फोटोत होते. तरी तिनं असं विचारलं.

"आम्ही नापास झालो," मृदुलाताई म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही नाही, मी झाले. परत येते. पण या वेळी मला आधी सगळं माहीत असू दे. आईंचंही.

आईंचं ऐकून त्यांनी घाईनं फोन ठेवला. मला वाटलं होतं तेच असणार, म्हातारीला परक्याचं मूल नको असेल. खरं सांगायचं तर मला जरा हायसंसुद्धा वाटलं. आपल्याच नाही, कुणाच्याच घरात सगळ्यांना सगळं जमत नाही, असं काहीसं. तू रागावशील. पण मला तसं वाटलं.

गेले तर स्वयंपाकघरात मृदुलाताई थालीपीठ लावत होत्या. मीच सांगितलं होतं, रोज कराल तेच करा. थालीपीठ तव्याला चिकटलं, त्या उलथन्यानं खरवडायला लागल्या, हरिहर "पाणी शिंपड, पाणी शिंपड" करायला लागले. तेवढ्यात आतलं दार उघडलं.

"अगं कडंनं तेल सोड की त्याला! आन् तू बाजूला हो रं, तुला काय कळतंय त्यातलं!"

रुक्मिणीबाई. मूळच्या मावळातल्या, जुन्या गावठाणातल्या. बाहेर आल्या, मला पाहिलं आणि गर्रकन पदर तोंडावर घेतला. पण तोवर मला दिसलं होतं. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. हातपाय वाचले, चेहरा एका बाजूनं ओढला गेलाय. एक डोळा नीट मिटत नाही, ओठ खाली आलाय.

मी कॅमेरा ओट्यावर ठेवला. "आजी, थालीपीठ द्याल का?"

"देती की. पर फोटू नगं."

"नाही काढत."

त्यांनी पदराआडूनच थालीपीठ लावलं. मग हळूच म्हणाल्या, "पोर भेल गं. न्हानगं लेकरू. आधीच एकांनी टाकून दिल्याली. आन् हितं दारात ही असली म्हातारी."

हरिहर मागून म्हणाले, "आई, तुला मुलगी नको आहे असं वाटत होतं आम्हाला."

"कुनी सांगितलं?"

"तू फोटोलाच येत नव्हतीस."

"तोंड बघ की माजं!" म्हणाल्या, आणि पदर सोडून दिला.

कितीतरी महिने त्या घरात तिघांनी आपापल्या समजुती मनात धरून ठेवल्या होत्या, आणि मी त्या तिघांना सोफ्यावर ओळीत बसवू पाहत होते.

हरिहरनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही एका बाजूनं घ्या ना. डावीकडून. तिकडून काही दिसत नाही." मला ते पटलं. माझं कामच ते आहे, माणसाला बरं वाटेल अशी बाजू शोधणं. आणि त्याच वेळी पटलंही नाही. मुलीला डावी बाजू दाखवायची आणि घरी आल्यावर उजवी? पण समोरून घेतला आणि ती घाबरून नाही म्हणाली तर? मग या म्हातारीनं जन्मभर काय समजायचं? मी तिथं कॅमेरा धरून नुसती उभी होते. कुणी मला त्या क्षणी जा म्हटलं असतं, तर मी घरी निघून आले असते.

रुक्मिणीबाईंनीच ठरवलं. पिठाचे हात धुतले, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "समोरून घे. उद्या बघनारच हाय न्हवं? चोरून कुटवर ऱ्हायचं."

"हसू का?" असंही विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. हसल्यावर लैच वाकडं व्हतं."

त्यावर मृदुलाताई हसल्या, आणि हसता हसता सासूच्या खांद्यावर कपाळ टेकलं. तो फोटो मी घेतला. तव्यावरचं थालीपीठ करपत होतं, हरिहर तिकडे धावले, तोही घेतला. विजयश्रीताईंकडे जसेच्या तसे पाठवले, एकही उजळ केला नाही.

आता वाट बघायची.

जाताना रुक्मिणीबाईंनी विचारलं, "तुजा मालक काय करतो?" मी म्हटलं, होसूरला असतो. "मंग तू हितं का?" मी हेल्मेट घातलं.

वर्षाली


कासारवाडी
२२ जानेवारी २०२५

समर्थ,

मधे लिहिलं नाही. लिहिण्यासारखं खूप होतं म्हणून लिहिलं नाही.

मुलीनं फोटो पाहिले. विजयश्रीताई सांगत होत्या, बराच वेळ एकच फोटो धरून बसली. मग विचारलं, "ही आजी अशी का?" त्या म्हणाल्या, आजारी होती, आता बरी आहे. त्यावर मुलगी म्हणाली, "तिला भरवायला लागतं का? मला येतं भरवायला." संस्थेत लहान बाळांना तीच भरवते म्हणे.

हे रुक्मिणीबाईंना सांगितलं तेव्हा त्या भडकल्या. "मला काय भरवतीय? माजे हात काय तुटलेत व्हय?" आत गेल्या. थोड्या वेळानं बाहेर येऊन विचारलं, "काय भरवती म्हनली?"

पुढे भेटी झाल्या. पहिल्या भेटीत मुलगी मृदुलाताईंशी एक अक्षर बोलली नाही, फक्त आजी का आली नाही ते विचारलं. मृदुलाताई मला फोनवर म्हणाल्या, "आई मी होणार ना? मग मला वाईट का वाटतंय? आनंद का होत नाहीये?"  मी म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही माहीत नाही म्हणालात ते बरं झालं, बाकी सगळे सल्ले देतात.

रविवारी ती घरी आली. कायमची. फोटो काढायला मला बोलावलं होतं.

दारातून आत आली आणि चपला काढेना. कुणी ओरडलं नाही, पण सगळ्यांचं लक्ष तिच्या पायांकडे. हरिहरनी दोनदा समजावलं, बेटा, इथं काढायच्या असतात. तिनं पायांची बोटं आत आवळून घेतली. तशीच सोफ्याच्या कडेला बसली, पिशवी मांडीवर. उद्या उठून जायचं असल्यासारखी. मृदुलाताईंचा चेहरा पाहवत नव्हता.

रुक्मिणीबाई उठल्या. बाहेर गेल्या, दाराशी ठेवलेल्या स्वतःच्या चपला पायात घातल्या आणि आत आल्या. देवघरासमोरून, पुसलेल्या फरशीवरून, चटाक चटाक करत. तिच्या शेजारी बसल्या.

"आई, अगं..." हरिहर म्हणाले.

"गप रं. थंडी वाजती पायाला."

मुलीनं त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. समोरून. बराच वेळ. "दुखतं?"

"न्हाई. गार वाऱ्याला वाईच ओढतंय."

मग मृदुलाताई उठल्या आणि चपला घालून आल्या. मग हरिहर, कॉलेजचे बूट. चौघंही घरात पादत्राणं घालून बसलेले आणि रुक्मिणीबाई पोह्यांची बशी पुढे करताहेत. तिनं एक घास आजींना भरवला. आजींनी मुकाट्यानं खाल्ला, अर्धा ओठावरून सांडला, तो तिनं फ्रॉकनं पुसला.

माझा कॅमेरा बॅगेतच राहिला. एकही फोटो घेतला नाही. मृदुलाताईंनी विचारलंही नाही. मी निघाले तेव्हाही ती चपला घालूनच होती. त्यांचं पुढे कसं होईल, ती रात्री झोपली की नाही, काही माहीत नाही. सगळं छान झालं असं मी तुला सांगणार नाही.

गाडी हायवेच्या कडेला थांबवून मी खूप रडले. कशासाठी, ते मला नीट सांगता येणार नाही. त्या मुलीसाठी नव्हे, एवढं नक्की. दवाखान्यातून दुसऱ्यांदा रिकाम्या हातांनी आलो, तेव्हा आपण दोघं रिक्षात शेजारी बसलो होतो आणि दोघंही बाहेर बघत होतो. तेव्हापासून मी तुझ्याकडे समोरून पाहिलेलं नाही. तूही नाही.

समर्थ, तू मला सोडून गेलायस का? मला खरंच माहीत नाही. लोक विचारतात तेव्हा मी काहीतरी सांगते, पण मलाच माहीत नाही. हो किंवा नाही, एवढं कळव.

वर्षाली


कासारवाडी
३ फेब्रुवारी

समर्थ,

काल तुझा फोन आला आणि मी सगळं बोलू शकले नाही, म्हणून पुन्हा कागद घेतला.

तू म्हणालास, "हो, बदली मी मागून घेतली." मी का विचारलं. तू म्हणालास, "तुला माझ्याकडे बघवत नव्हतं. मी समोर असलो की तुला सगळं आठवतं, असं वाटायचं. म्हटलं, थोडं लांब जावं."

मी म्हटलं, "मला वाटायचं, तुलाच माझ्याकडे बघवत नाही."

मग तू जे म्हणालास ते मी रात्रभर उलटंपालटं करत होते. "निघायच्या दिवशी तू जाऊ नको म्हणशील, अशी मी वाट बघत होतो. तू माझी बॅग भरलीस. लोणच्याची बरणी फडक्यात गुंडाळून घातलीस. मग मी गेलो."

मी बॅग भरली कारण तू निघाला होतास. उपाशी राहू नयेस म्हणून लोणचं घातलं. जा, असा त्याचा अर्थ होतो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. पण आता विचार करते तर वाटतं, कदाचित होतही असेल. मला तू जायला हवा होतास का? थोडासा? घरात तुझी पावलं वाजली नाहीत की मला मोकळं वाटायचं आणि लगेच भीती वाटायची. यातलं खरं कुठलं, ते मी तुला सांगू शकत नाही, कारण दोन्ही खरं आहे.

तू शेवटी विचारलंस, "मग आता?"  लोकल गेली. तू म्हणालास, "ठेवतो." ठेवायला नको होतास. मीही ठेवू नको म्हणायला हवं होतं. हे आपलं असंच चालतं.

म्हणून आता स्पष्ट लिहिते. शनिवारच्या बंगळूरच्या गाडीचं तिकीट काढलंय. तिथून होसूरला कसं यायचं मला ठाऊक नाही, ते तू बघ. राहायला येतेय, भांडायला येतेय की नुसतं बोलून परत निघणार आहे, ते विचारू नकोस, मी ठरवलेलं नाही. कॅमेरा आणत नाही. येताना तुला काही हवंय का, हेही विचारत नाही, नाहीतर पुन्हा मी पिशव्या भरत बसेन.

फलाटावर ये. लांबून हात हलवू नकोस, जवळ ये. मी आधी तुझा चेहरा बघणार आहे. त्याला वेळ लागला तर थांब.

वर्षाली